केसपेपरच्या खिडकीपाशी

दहा-बारा वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका सरकारी रुग्णालयात आईला तपासणीसाठी घेऊन मी केसपेपरच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढे नऊवारी नेसलेल्या एक आजी होत्या आणि त्यांचे यजमान भिंतीकडेच्या बाकावर खोकत बसले होते. खिडकीआडच्या कारकुनाने मान वर न करता विचारले, "पेशंटचं नाव?" आजी म्हणाल्या, "हे काय, बसल्यात की तितं." कारकून म्हणाला, "बसल्यात ते दिसतंय, नाव सांगा." आजींनी एकदा बाकाकडे पाहिले, कमरेची पिशवी सोडली, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले आधार कार्ड काढले आणि खिडकीतून आत सरकवले. कारकुनाने नाव मोठ्याने वाचत लिहून घेतले. तो ते वाचत असताना आजी मात्र औषधांच्या खिडकीवरच्या पाटीकडे बघत राहिल्या. "तुम्ही कोण त्यांच्या?" या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले, "मी घरातलीच हाय."

त्या काळात मी एका दैनंदिन मालिकेचे संवाद लिहीत होते. त्याच दिवशी सकाळी नायिकेच्या तोंडी नवऱ्यावरच्या निष्ठेचे पाऊण पानाचे स्वगत घालून, ते निर्मितीसंस्थेला पाठवून मी घराबाहेर पडले होते, आणि त्या स्वगतात कुंकू, सात जन्म, अर्धांगिनी हे सगळे शब्द यथास्थित बसवलेले होते. आजींनी त्यातला एकही शब्द उच्चारला नाही. तरी त्यांचे वय, त्यांचा मुलूख, संसाराची वर्षे, नवऱ्याशी असलेले नाते आणि सरकारी खिडकीसमोरही न डगमगण्याची त्यांची रीत हे सगळे मला एका मिनिटात कळले होते. आईच्या जुन्या चिठ्ठीच्या पाठीमागे मी ते संभाषण उतरवून घेतले. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, आणि तिचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन.

मराठीत पडद्यासाठी लिहिणाऱ्याला भाषेने एक मोठी सोय फुकट देऊन ठेवली आहे, आणि ती म्हणजे संबोधन. तू, तुम्ही, आपण ही तीन सर्वनामे. अरे, अगं, अहो, ए या हाका. आणि शिवाय नाव न घेता 'हे', 'आमच्याकडचे', 'बंड्याचे बाबा' असे वळसे. आपण विठ्ठलाला तू म्हणतो, आईला तू म्हणतो, आणि कित्येक घरांत वडिलांना मात्र तुम्ही म्हणतो. ज्या घरात मुलगी बाबांना 'ए बाबा' म्हणते ते घर आणि ज्या घरात ती 'अहो बाबा' म्हणते ते घर, ही दोन घरे दाखवायला कलादिग्दर्शकाला वेगळे पडदे आणि वेगळा सोफा आणावा लागतो. लेखकाचे काम एका अक्षरात होते. नव्या मालिकेच्या आधी वाहिनीकडे जे जाडजूड 'बायबल' जाते, त्यात पात्राचे वय, शिक्षण, स्वप्ने, भीती, आवडता रंग, आणि एकदा तर रासही लिहिलेली मी पाहिली आहे. कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, हे मात्र त्यात कुठे नसते. मी हल्ली पात्राचे चरित्र लिहायच्या आधी एक साधा तक्ता आखते: उभ्या ओळीत पात्रे, आडव्या ओळीत तीच पात्रे, आणि प्रत्येक चौकटीत संबोधन. हा तक्ता भरताना जिथे माझा हात अडतो, तिथे ते नाते मला अजून कळलेले नसते. कथाविस्तार हिंदीतून किंवा इंग्रजीतून येतो तेव्हा हे विशेष जाणवते, कारण इंग्रजीतल्या एका 'यू'साठी मराठीत निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय घेणे म्हणजेच पात्र लिहिणे असते. घाईत तो कोणी घेतला नाही, की जाहिरातींच्या भाषांतरात होते तसे सगळे जग सगळ्या जगाला 'आपण' म्हणू लागते.

एक उदाहरण माझ्याच लेखनातले देते. पुण्यातले एक घर, त्यात सासू, सासरे, मुलगा आणि सून. सून आणि मुलगा एकाच महाविद्यालयात शिकलेले, त्यामुळे खोलीत ती त्याला 'अरे' म्हणते. दिवाणखान्यात, मोठ्यांसमोर, 'अहो' म्हणते. अशी घरे आपल्या ओळखीची आहेत, आणि ही कसरत करणाऱ्या मुलीही. दोघांमध्ये आदल्या रात्री काहीतरी बिनसले आहे. काय, ते प्रेक्षकाला अजून माहीत नाही. सकाळी सासरे वर्तमानपत्र वाचत आहेत, सासूबाई मटार सोलत आहेत, मुलगा बूट घालतो आहे. सून आतून येते आणि म्हणते, "अरे, कपाटाची चावी कुठे ठेवलीस?" सासूबाईंचा हात शेंगेवर थांबतो. सासरे वर्तमानपत्राचे पान उलटतात, पण ते पान त्यांनी वाचलेले नसते. मुलगा म्हणतो, "तिथंच आहे." दृश्य संपते.

पहिल्या वाचनात अभिनेत्रीने सवयीने 'अहो' वाचले. तिची चूक नव्हती, कारण आधीचे ऐंशी भाग ती दिवाणखान्यात 'अहो'च म्हणत आली होती. दिग्दर्शकाने विचारले, "मॅडम, यात संघर्ष कुठे आहे? भांडणाचं वाक्य कुठे आहे?" मी म्हटले की तिला फक्त जे लिहिले आहे ते वाचू द्या. तिने 'अरे' वाचले आणि सासूबाईंचे काम करणाऱ्या बाईंनी, कोणी न सांगता, वाचता वाचता मान वर केली. पुढे कोणी काही विचारले नाही. या दृश्याचा परिणाम अर्थातच त्या ऐंशी भागांवर उभा होता. पहिल्याच भागात ती 'अरे' म्हणाली असती तर चावीच्या पलीकडे त्याला काही अर्थ नव्हता.

आता एक विचित्र गोष्ट कबूल केली पाहिजे. हे टिपण मी ज्या मराठीत लिहिते आहे, त्या मराठीत माझे एकही पात्र बोलत नाही. आपली लेखी भाषा 'केले', 'सांगितले', 'त्यांचे' म्हणते आणि तोंडची भाषा 'केलं', 'सांगितलं', 'त्यांचं' म्हणते. नवा लेखक दृश्याचे वर्णन लिहिता लिहिता त्याच हाताने संवादात शिरतो आणि रिक्षावाल्याच्या तोंडी 'मी तुम्हाला कधीच सांगितले होते' असे वाक्य जाते. ते कानाला खटकते, पण का ते त्याला कळत नाही. उलट, एखादे पात्र जाणूनबुजून 'केले' म्हणू लागले तर तेच त्याचे वैशिष्ट्य होऊ शकते. निवृत्त मुख्याध्यापक घरातही सूचनाफलक वाचल्यासारखे बोलतात, सत्यनारायणाच्या निमंत्रणातही 'अगत्य येण्याचे करावे' म्हणतात, आणि त्यांचीच बायको पाठीमागून 'चहा निवतोय' म्हणते, तेव्हा दोन माणसे उभी राहिलेली असतात.

बोलीच्या बाबतीत माझ्याकडून झालेली चूक याहून मोठी होती. एका मालिकेतली नायिका कोल्हापूरची होती. मी आपली प्रमाण मराठी वाक्ये लिहायची आणि वरून 'लई', 'भारी', 'काय सांगालीस' यांची फोडणी द्यायची. पंधरा-वीस भाग असेच गेले. मग एक दिवस, घोडबंदर रस्त्यावरच्या सेटवर, दोन दृश्यांच्या मधल्या वेळात, मूळची कोल्हापूरकडची एक छोटी भूमिका करणारी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि संकोचत म्हणाली, "मॅडम, रागावणार नसाल तर सांगू का? आमच्याकडं पोरी घरात 'मी येतो, मी जातो'च म्हणतात. 'येते' म्हटलं की आमची आई विचारायची, पुण्याला जाऊन आलीस काय." मी अवाक झाले, कारण हे मी ऐकलेले होते, कोल्हापूरच्या नातेवाइकांकडे दर मे महिन्यात ऐकत आले होते, आणि तरीही लिहिताना ते माझ्या कानात आले नाही. शब्द उसने घेता येतात. क्रियापदाच्या शेपटाकडे मात्र लक्ष जात नाही, आणि बोली खरी तिथेच राहते. नागपूरकडचे पात्र 'बे' म्हणाले म्हणून नागपूरचे होत नाही. ते 'काय करून राहिला' म्हणते तेव्हा होते.

ती दुरुस्ती तशीच्या तशी करणे मात्र शक्य नव्हते. इतर जिल्ह्यांतल्या प्रेक्षकांना नायिकेचे 'मी येतो' ही छपाईची चूक वाटली असती, आणि एकविसाव्या भागापासून अचानक तिची भाषा बदलायची कशी, हाही प्रश्न होता. शेवटी मी असे केले की ती बाहेर, महाविद्यालयात आणि शहरातल्या सासरी 'येते' म्हणेल. माहेरी फोन लावला की 'येतो' म्हणेल. आणि फार घाबरली, तर सासरीही तिच्या तोंडून 'जातो' निघून जाईल. चुकीची भरपाई म्हणून केलेली ही योजना त्या मालिकेतली माझी सर्वांत चांगली कामगिरी ठरली. अभिनेत्रीला कळले की आपल्या पात्राला दोन आवाज आहेत आणि त्यातला एक तिने झाकून ठेवलेला आहे. त्यानंतर मला तिच्यासाठी फारसे काही सुचवावे लागले नाही.

संवादात माहिती सांगू नये, असे पटकथेच्या प्रत्येक कार्यशाळेत सांगतात, आणि चित्रपटापुरते ते बरोबरच आहे. पण मालिका जेवढी पाहिली जाते त्याहून जास्त ती ऐकली जाते. संध्याकाळी सातच्या भागाच्या वेळी घरात कुकर लागलेला असतो, पोळ्या चाललेल्या असतात, आणि प्रेक्षक असलेली बाई पडद्याकडे पाठ करून उभी असते. जाहिराती वगळून हातात आलेल्या साधारण २२ मिनिटांत तिला काल काय झाले तेही कळले पाहिजे. कालची घटना पुन्हा सांगण्यावाचून गत्यंतर नसते. मी पूर्वी याला वैतागत असे. मग लक्षात आले की पुन्हा सांगायचेच आहे, तर ते वेगवेगळ्या तोंडांनी सांगता येते.

समजा, काल घरातल्या मुलीने कोणाला न सांगता लग्न केले. आज हीच एक गोष्ट पाचजणांच्या तोंडून यायची आहे. आत्या म्हणते, "तोंड काळं केलं." भाऊ म्हणतो, "पळून गेली." वहिनी म्हणते, "निघून गेल्या," आणि त्या एका अनुस्वाराएवढ्या बदलात तिची सहानुभूती कोणाकडे आहे ते कळते, शिवाय वयाने लहान नणंदेलाही ती अहो-जाहो करते हेही कळते. कामाला येणाऱ्या मावशी भांडी घासता घासता विचारतात, "ताईनी लगीन केलं म्हनं?" आख्ख्या घरात 'लग्न' हा शब्द उच्चारणाऱ्या त्या एकट्याच असतात. आजी फक्त म्हणते, "गेली," आणि हा शब्द मेलेल्या माणसाविषयीही वापरतात हे तिला ठाऊक असते. वडील घटनेचा उल्लेखच करत नाहीत. ते म्हणतात, "तिच्या खोलीतला पंखा चालू राहिलाय, बंद करा कुणीतरी." पोळी लाटणाऱ्या बाईला आता सगळी हकीकत कळली आहे आणि सहा माणसेही कळली आहेत. असे दृश्य जमले त्या दिवशी मला माझा धंदा आवडतो. वाहिनीने जाहिरातीसाठी त्यातले आत्याचे वाक्य उचलले, हे सांगायला नकोच.

लोकांच्या तोंडी बसलेली आपल्या चित्रपटांतली वाक्ये आठवून पाहिली, तर त्यांतली कित्येक वाक्ये कागदावर अगदी साधी दिसतात. 'धनंजय माने इथेच राहतात का?' हे १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'तले वाक्य निव्वळ पत्ता विचारणारे आहे. त्यात कोटी नाही, उपमा नाही, सुभाषित तर नाहीच. तो प्रश्न कोणत्या दारात आणि कोणत्या क्षणी विचारला जातो, यात सगळी गंमत आहे. वसंत सबनीसांनी 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य आधी लिहिलेले होते, समोरच्या प्रेक्षकाचा हशा कुठे फुटतो ते त्यांना हाताच्या रेषांसारखे ठाऊक असणार, आणि तरी पडद्यासाठी त्यांनी असे बिनवासाचे वाक्य लिहिले, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

याच जातीचे, पण गंभीर बाजूचे वाक्य म्हणजे 'मारुती कांबळेचं काय झालं?' विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. त्यातले हे चार शब्द पन्नास वर्षांनंतरही महाराष्ट्रातल्या राजकीय लेखांच्या मथळ्यांत येतात. डॉ. श्रीराम लागूंचा दारूडा, एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक मास्तर हा प्रश्न विचारत राहतो, आणि निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील त्या प्रश्नाने पोखरला जातो. प्रश्न शेवटपर्यंत बदलत नाही. त्याला विशेषण लागत नाही, आवाज चढवावा लागत नाही. विचारणारा बदलत जातो आणि ऐकणाराही. मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते संपूर्ण नाव. मास्तर 'त्या माणसाचं' म्हणत नाही. नाव आणि आडनाव मिळून तो माणूस कोणत्या वस्तीतला असेल हे महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला तत्क्षणी कळते, आणि ज्याच्या एका शब्दावर सगळे गाव हलते त्या पाटलाला नेमक्या या नावावर शब्द सापडत नाही. हिंदुराव वाईट बोलणारा खलनायक नाही. तो मास्तरची सोय करतो, त्याला घरी ठेवून घेतो. त्याचे आतिथ्य खरे आहे म्हणूनच तो प्रश्न त्याला टोचतो. खलनायकाच्या तोंडी धमक्या घालून थकलेल्या लेखकांनी हे पात्र पुन्हा पाहावे.

जवळजवळ चाळीस वर्षांनी चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्येही एक कांबळे आहेत, लोकशाहीर नारायण कांबळे. योगायोग म्हणायचा की आणखी काही, ते ज्याचे त्याने ठरवावे. त्या चित्रपटात संवादाविषयी जे शिकायला मिळते ते नायकाच्या वाक्यांत नाही. साक्षीदार काहीतरी बोलतो, आणि न्यायाधीश ते आपल्या शब्दांत बसवून टंकलेखकाला नोंद सांगतात. साक्षीदाराचे बोलणे आणि त्याची झालेली नोंद यांच्यामध्ये जी फट पडते, तीत ती सगळी यंत्रणा दिसते, आणि त्यासाठी कोणालाही यंत्रणेविरुद्ध भाषण करावे लागत नाही. न्यायाधीशांचे पात्रही तसेच घडते. ते दुष्ट नाहीत. ते नोंद घेतात.

'सैराट'मधल्या आर्चीविषयी बोलताना लोक तिची ठसक्यातली वाक्ये सांगतात, बुलेट सांगतात, ट्रॅक्टर सांगतात. मला ती हैदराबादेत जाते तेव्हाची जास्त आठवते. पाटलाची मुलगी म्हणून जिचा शब्द करमाळ्याकडच्या त्या गावात कोणी खाली पडू देत नव्हते, ती अशा शहरात येते जिथे आजूबाजूची भाषाच तिची नाही. तिचा आवाज आपोआप खाली येतो. स्वभाव बदललेला नसतो. तो ज्या भाषेत राहत होता ती भाषा मागे सुटलेली असते. पात्राचा आवाज काढून घ्यायची इतकी साधी आणि इतकी निर्दय युक्ती मी मराठीत दुसरी पाहिलेली नाही. आणि शेवटच्या प्रसंगात तर नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून टाकला.

पालुपदाविषयी थोडे कडवट बोलते. पात्र लक्षात राहावे म्हणून त्याला एक ठरलेले वाक्य द्या, अशी सूचना दर नव्या मालिकेच्या बैठकीत येतेच. नावे झाकून संहिता वाचली तरी कोण बोलते आहे ते कळले पाहिजे, ही जुनी कसोटीही तेव्हा कोणीतरी काढतो. पालुपद दिले की ती कसोटी लगेच पार होते, आणि तिथेच ती फसवी ठरते. दर तिसऱ्या वाक्याला 'कळलं का' म्हणणारा मामा नाव झाकून ओळखता येतो, पण तो दाराशी आलेल्या कुरिअरवाल्याशी आणि आजारी बहिणीशी एकाच सुरात बोलत असेल, तर त्याच्याविषयी मला अजून काहीही ठाऊक नाही. माझी कसोटी जरा वेगळी आहे. मी नावे झाकते आणि कोण बोलते आहे याऐवजी कोणाशी बोलणे चालले आहे, ते ओळखता येते का ते पाहते. हे ओळखू आले की पहिले उत्तर बहुधा आपोआप मिळते.

आता त्या चिठ्ठीची गोष्ट. रुग्णालयातल्या प्रसंगानंतर दोनेक वर्षांनी एका मालिकेत आजोबा आजारी पडण्याचा भाग आला आणि मी तो प्रसंग जसाच्या तसा आजीच्या वाट्याला लिहिला. वरून निरोप आला की दृश्य छान आहे, पण आजी नाव का सांगत नाही हे तरुण प्रेक्षकांना कळणार नाही, तेव्हा बरोबर नात द्या आणि तिच्या तोंडी एक वाक्य घाला. मी ते घातले. नात म्हणाली, "आजी, तू अजूनही आजोबांचं नाव घेत नाहीस?" आजी लाजली, पार्श्वसंगीतात सनई वाजली, आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या एका करारी बाईचे रूपांतर गोड म्हातारीत झाले. दोष सूचना करणाऱ्यांचा होता असे मी बरीच वर्षे सांगत आले. पण ते वाक्य माझ्या हाताने लिहिलेले होते, आणि ते लिहायला मला दोन मिनिटेही लागली नव्हती. नकार द्यायला कदाचित पाच लागली असती.

दोन वर्षांपूर्वी एका लघुपटासाठी मी ते दृश्य पुन्हा लिहिले, नातीशिवाय. आजींच्या भूमिकेसाठी रंगभूमीवरच्या एका ज्येष्ठ अभिनेत्री आल्या. दिग्दर्शकाच्या ठाण्यातल्या घरी वाचन होते आणि कारकुनाची वाक्ये मी वाचत होते. पहिल्यांदा त्यांनी ते सपाट वाचून काढले, चष्मा काढला, आणि मला विचारले, "ह्यांचं नाव काय गं?"

मी म्हटले, "ताई, संहितेत नाव दिलेलं नाही. कारकून वाचतो तेव्हा आजोबांना खोकला येतो, त्यात ते बुडेल. प्रेक्षकाला ते कळूच नये, अशी कल्पना आहे."

"प्रेक्षकाला नको कळू दे. मला सांग. नावच ठाऊक नसेल, तर मी घ्यायचं काय टाळू?"

इतक्या वर्षांत मी त्या माणसाला नाव दिलेले नव्हते. रुग्णालयातल्या त्या कारकुनाने खरे नाव मोठ्याने वाचले होते, तेही मी चिठ्ठीवर लिहिले नव्हते. मला त्या वेळी ते महत्त्वाचे वाटले नव्हते. मी क्षणभर विचार केला आणि एक नाव सांगितले. त्यांनी ते पेन्सिलीने आपल्या प्रतीच्या कोपऱ्यात लिहिले, त्यावरून तो कोपरा दुमडला, बोटाने दाबून बसवला, आणि म्हणाल्या, "हं, विचार आता."

मी विचारले, "पेशंटचं नाव?"